गिटार घडवून घेताय? आधी पुठ्ठा कापा

माझ्याकडे गिटार घडवून घ्यायला येणारे बहुतेक जण मोबाईलमध्ये एक फोटो घेऊन येतात. फोटोतली गिटार देखणी असते आणि बहुधा ती ड्रेडनॉटच असते: रुंद खांद्यांची, कमरेत फारशी न आवळलेली, खोल पोटाची. ती कुठे बसून वाजणार, कोणाच्या गळ्याला साथ देणार, जुलै महिन्यात कोणत्या खोलीत असणार, यातलं फोटोत काहीच नसतं. पॉलिश आवडलं नाही तर खरवडून पुन्हा करता येतं, किल्ल्या बदलता येतात, तारा तर बदलत राहायच्याच असतात. पण बाजूच्या पट्ट्या एकदा गरम नळीवर वाकवून साच्यात बसवल्या की बॉडीचा आकार कायमचा. म्हणून कुडाळजवळच्या आमच्या पडवीत मी पहिल्या भेटीला लाकूड बाहेर काढतच नाही.

त्या पहिल्या भेटीआधी घरी काय तयारी करायची, ते इथे सांगतो. वाजवायला नुकतीच सुरुवात केली असेल तरी हरकत नाही, उलट बरंच.

आठवडाभर वही ठेवा

रोज रात्री दोन ओळी लिहा. आज कुठे बसून वाजवलंत? सोबत कोण होतं? उजवा हात काय करत होता, पिक (तारा छेडायची चपटी चकती) धरून सगळ्या तारा झोडत होता की बोटांनी एकेक तार छेडत होता? अजून स्वतःची गिटार नसेल तर मित्राची आठवड्यासाठी मागून आणा. आठ दिवसांनी वही वाचलीत की दिसेल, मनातलं वाजवणं आणि प्रत्यक्षातलं वाजवणं यांत बरंच अंतर असतं. "मला स्टेजवर वाजवायचंय" म्हणणाऱ्या एका मुलाच्या वहीत सातही दिवस एकच जागा होती: ओटी, रात्री साडेनऊनंतर, घरातले झोपल्यावर. त्याला मोठ्या आवाजाचं वाद्य देणं म्हणजे त्याचं वाजवणं बंद करणं झालं असतं.

आणखी एक गोष्ट वहीत लिहा: तुमची पट्टी. भजनीबुवा सहज सांगतात, "माझी काळी दोन" किंवा "काळी चार". गिटारवाल्यांना ते सांगता येत नाही, आणि बॉडी निवडताना ते फार कामाला येतं. शेजारच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्याकडे जा, तुम्ही नेहमी म्हणता ते गाणं त्याच्यासमोर म्हणा. पाच मिनिटांत तो तुमचा सा कुठे आहे ते दाखवील.

भजनाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गणपतीत पेटी, पखवाज आणि झांजांबरोबर वाजवायचंय म्हणून सर्वांत मोठी बॉडी हवी, असं मला दरवर्षी कोणीतरी सांगतं. चार झांजा एकदम वाजल्या की कोणतीही लाकडी गिटार, कितीही मोठी असली तरी, ऐकू येत नाही. तिथे माईक किंवा पिकअप, म्हणजे गिटारलाच बसवलेला माईकसारखा भाग, लागणारच. आणि मोठ्या पोटाची, मोकळी थरथरणारी गिटार मंडपातल्या स्पीकरसमोर लवकर हूं हूं करून घुमायला लागते. त्या कामाला मध्यम बॉडी आणि चांगला पिकअप हेच बरं.

पुठ्ठ्याची गिटार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मे महिन्यात हापूसच्या रिकाम्या खोक्यांना आपल्याकडे तोटा नसतो. दोन-तीन खोकी उलगडा आणि पुठ्ठ्यावर दोन आकार काढा.

पहिला ड्रेडनॉटचा: बॉडीची लांबी २० इंच, खालचा फुगवटा १५.६ इंच, कंबर सुमारे ११, वरचा फुगवटा साडेअकरा, आणि खालच्या टोकाला खोली ४.९ इंच. दुसरा ओएम नावाच्या, जरा लहान आणि आवळलेल्या कमरेच्या गिटारचा: लांबी १९.४, खालचा फुगवटा १५, कंबर साडेनऊच्या आसपास, वरचा फुगवटा सव्वाअकरा, खोली ४.१. प्रत्येक आकाराच्या दोन प्रती कापा आणि मध्ये खोलीएवढी पट्टी चिकटपट्टीनं बसवा. वाकडंतिकडं झालं तरी चालेल. आकडे वाचून खालच्या फुगवट्यात फक्त अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक वाटतो, पण मांडीवर घेतल्यावर या दोन वस्तू एकमेकींच्या नात्यातल्यासुद्धा वाटत नाहीत. फरक कमरेत आणि खोलीत आहे.

आता तिन्ही जागी बसून बघा. आधी खुर्चीवर. मग ओटीच्या पायरीवर. मग सतरंजीवर, मांडी घालून. परदेशातली बहुतेक मापं खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी ठरली आहेत. आपण निम्मा वेळ जमिनीवर बसतो. मांडी घातल्यावर रुंद कमरेचं खोकं मांडीवर ठरत नाही, घसरतं, आणि ते धरून ठेवण्यात डावा हात अडकतो. डाव्या हाताला मानेवरच्या फ्रेटवरून, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांवरून, मोकळं फिरायचं असतं, वाद्याचं ओझं उचलायचं नसतं. आवळलेल्या कमरेची बॉडी मांडीच्या गोलाईत बसते आणि आपणहून उभी राहते.

वीस मिनिटं तसंच बसा, घड्याळ लावून. उजवा खांदा कानाकडे चढला का? कोपराच्या आतल्या बाजूला कड टोचते का? गाणाऱ्यांनी एक मोठा सा लावून बघा. खोल बॉडी पोटाला दाबून बसली तर श्वास तिथेच अडतो. हे दुकानात कोणी सांगत नाही, कारण दुकानात माणूस पाच मिनिटं बसतो आणि गात नाही.

जिथे हात टेकतो तिथे पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं रेघ मारा. ती रेघ पुढे कामाला येणार आहे.

पोटातली हवा

मोठी बॉडी म्हणजे चांगला आवाज, हा समज काढून टाकायला एक साधा प्रयोग पुरतो. कोणतीही गिटार घ्या, तारांवर हात ठेवून त्या बंद करा, तोंड साउंडहोलजवळ, म्हणजे पुढच्या गोल भोकाजवळ, न्या आणि खालच्या सुरात गुणगुणत हळूहळू वर चढा. एका ठिकाणी सगळं खोकं छातीशी थरथरायला लागेल. बहुतेक गिटारींत ही जागा १०० हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे सहाव्या तारेवर तिसऱ्या-चौथ्या फ्रेटला जो स्वर येतो त्याच्या जवळपास. पेटीच्या भाषेत खर्जातली पांढरी पाच. गळा एवढा खाली जात नसेल तर ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा अडकवलेल्या असतात त्या पट्टीवर, अंगठ्यानं हलकेच ठोका आणि साउंडहोलला कान लावून ऐका, तोच गंभीर सूर मिळेल.

ही आतल्या हवेची गुंज. पोट मोठं असलं की ती खाली सरकते, लहान असलं की वर येते, भोकाची मापंही तिला हलवतात. या जागेजवळचे स्वर वाद्य आपणहून उचलून धरतं. म्हणून मोठ्या बॉडीत खर्ज भरदार येतो. पण मोठी वरची फळी हलवायला हाताचा जोरही जास्त लागतो. हलक्या बोटांनी छेडणाऱ्याच्या हातात ड्रेडनॉट अर्धी झोपलेली राहते, आणि तेच बोट लहान बॉडीवर पडलं की स्वर लगेच उठून येतो.

वेंगुर्ल्याच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. मुलानं सांगितलं म्हणून त्यांना ड्रेडनॉट हवी होती. मी ड्रेडनॉट वाजवत त्यांना गायला लावलं, मग लहान बॉडीवर तेच गाणं. त्या थांबून म्हणाल्या, "माका मोठो आवाज नको. माझो गळो आयकाक येवक व्हयो." इतकं नेमकं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. नाजूक किंवा खालच्या पट्टीतल्या गळ्याखाली भरघोस खर्जाची गिटार ठेवली की शब्द बुडतात. खणखणीत, वरच्या पट्टीतल्या गळ्याला मात्र तोच खर्ज जमिनीसारखा आधार देतो.

आकारांची नावं

लहानाकडून मोठ्याकडे: पार्लर आणि शून्य नंबर (खालचा फुगवटा साडेतेरा इंचांच्या आसपास), मग डबल-ओ (१४.३), मग ट्रिपल-ओ आणि ओएम (१५), ड्रेडनॉट (१५.६), आणि जम्बो (१७ च्या जवळ). घडवणाऱ्यांच्या मापांत थोडा फरक असतोच, पण क्रम हाच.

पार्लर कोणासाठी? मुंबईहून गणपतीला, शिमग्याला येऊन-जाऊन असणाऱ्यांसाठी. कोकणकन्येच्या गर्दीत ती मांडीवर मावते, एसटीत दोन सीटच्या मध्ये उभी राहते. आवाज मध्यावर एकवटलेला, गोष्ट सांगितल्यासारखा. तिच्याकडून खर्जाची अपेक्षा ठेवू नका.

ड्रेडनॉटची पहिली घडण १९१६ मध्ये मार्टिन कंपनीनं बोस्टनच्या डिटसन या विक्रेत्यांसाठी केली, आणि तिला १९०६ च्या प्रचंड ब्रिटिश युद्धनौकेचं नाव दिलं. नावातच तिचा स्वभाव आहे. पिक धरून जोरात वाजवणाऱ्या, उभं राहून पट्ट्यावर गिटार घेणाऱ्या माणसासाठी ती आजही उत्तम आहे. जम्बो तिच्याहून रुंद, तरी तिची कंबर आवळलेली असल्यामुळे ती मांडीवर बरी बसते. आटोपशीर शरीराच्या माणसाचा उजवा हात मात्र तिच्यावरून लोंबकळतो.

ओएमचा जन्म १९२९ चा. पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवादकाला लांब मोकळी मान हवी होती, म्हणून मार्टिननं ट्रिपल-ओची बॉडी थोडी बदलून चौदा फ्रेट बाहेर काढले. ट्रिपल-ओ आणि ओएममध्ये आज मुख्य फरक तारेच्या मोकळ्या लांबीचा: ट्रिपल-ओची २४.९ इंच, ओएमची २५.४. अर्धा इंच कमी म्हणजे तार थोडी सैल, नवख्या बोटांना थोडी मऊ. पहिलीच गिटार, थोडं गाणं, थोडी बोटं, थोडा पिक, आणि नक्की काय आवडेल ते अजून ठरलेलं नाही, अशा माणसाला मी ट्रिपल-ओ सुचवतो आणि आग्रहानं सुचवतो.

नायलॉन तारांची क्लासिकल गिटार हे वेगळंच घराणं. तिचा आजचा आकार आणि ६५० मिलिमीटरची तार अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराच्या कामातून रुळली. मान रुंद, पिकनं झोडायची नाही. नखांनी वाजवणाऱ्यांनी तिचा जरूर विचार करावा.

बारा की चौदा

मान बॉडीला कितव्या फ्रेटला मिळते, हा बॉडीचाच प्रश्न आहे, जरी तो मानेचा वाटला तरी. बारा फ्रेटच्या गिटारमध्ये ब्रिज मागे सरकून खालच्या फुगवट्याच्या मध्याजवळ येतो. फळी तिथे सर्वांत मोकळी हलते, त्यामुळे आवाज गोल आणि ऊबदार. शिवाय पहिला फ्रेट शरीराच्या जवळ येतो, आखूड हातांना ते सुखाचं. चौदाचा आवाज थोडा जास्त नेमका, वरच्या फ्रेटपर्यंत हात मोकळा.

वहीतली पट्टी इथे काढा. काळी चार असेल तर पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून जीच्या कॉर्डनं काम होतं. काळी दोन असेल तर पहिल्याच फ्रेटला कॅपो आणि डी. पण काळी एक पट्टी आहे आणि तुम्हाला ए कॉर्डचा आकारच सोयीचा वाटतो, तर कॅपो चौथ्या फ्रेटला जाणार. बारा फ्रेटच्या गिटारवर मग बॉडीबाहेर आठच फ्रेट उरतात. नुसत्या साथीला आठ भरपूर झाले. मध्ये सुरावटी वाजवायच्या असतील तर चौदा घ्या. त्या शिक्षिका नुसती साथ घेणार होत्या, त्यांना बारा फ्रेटची डबल-ओ केली.

कटअवेबद्दल, म्हणजे वरच्या फ्रेटपर्यंत हात जावा म्हणून बॉडीच्या खांद्याला घेतलेल्या खाचेबद्दल, थोडक्यात: पहिल्या वाद्याला नको. ज्या फ्रेटवर अजून दोन वर्षं हात जाणार नाही, त्यांच्यासाठी काम आणि खर्च वाढवू नका.

युकुलेली

२३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग हे जहाज मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजुरांना घेऊन होनोलुलूला लागलं. त्यांत नुनेस, दियास आणि एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकाम करणारे होते. त्यांच्या गावाकडच्या मशेत या छोट्या चार तारांच्या वाद्यातून हवाईत युकुलेली घडली. समुद्रानं आणलेल्या पोर्तुगीज खुणा आपल्यालाही परक्या नाहीत; रायगडातल्या कोर्लईत आजही पोर्तुगीजमधून निघालेली बोली घराघरांत बोलली जाते.

आपल्या बाजारात युकुलेली इंचांवर ओळखतात. २१ इंची म्हणजे सोप्रानो, २३ म्हणजे कॉन्सर्ट, २६ म्हणजे टेनर, आणि ३० च्या आसपास बॅरिटोन. हे पूर्ण वाद्याचं माप आहे, बॉडीचं नव्हे. सोप्रानोचा टणटणीत, भुरकन उडून जाणारा आवाज हाच मुळात युकुलेलीचा आवाज, पण तिचे फ्रेट एवढे जवळजवळ असतात की मोठ्या बोटांच्या माणसाची एका फ्रेटमध्ये गर्दी होते. सहा-सात वर्षांच्या मुलाला ती द्या. मोठ्या माणसाला पहिली म्हणून कॉन्सर्ट. स्वर थोडा लांबवायचा असेल, सुरावट वाजवायची असेल तर टेनर. बॅरिटोनच्या तारा गिटारच्या सर्वांत बारीक चार तारांसारख्या, डी-जी-बी-ई, लावतात. तिच्यावर इतर युकुलेलीचे धडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे आधीच लक्षात ठेवा. एका पालकांनी मुलीसाठी बॅरिटोन करून घेतली आणि शाळेतल्या गटात तिला एकटीलाच वेगळे कॉर्ड धरायला लागले.

आकारात दोन तऱ्हा: नेहमीची कमरेची, आणि अननसाच्या आकाराची, कंबर नसलेली. अननसी बॉडीत हवा थोडी जास्त, बाजू वाकवायला सोप्या. स्वतःच्या हातानं पहिलं वाद्य घडवायचं असेल तर मी अननसी युकुलेलीच करायला सांगेन.

आणि पाऊस

माझी स्वतःची पहिली गिटार ड्रेडनॉट होती. ती मी श्रावणात जुळवली. बाहेर धार लागलेली, पडवीच्या भिंतीला ओल, आणि मी उत्साहानं वरच्या फळीला आतून आधाराच्या कांबी चिकटवत होतो. गिटार सुरेख वाजली. जानेवारीत ती घेऊन पुण्याला गेलो आणि चौथ्या दिवशी ब्रिजच्या शेजारून फळी तडकली. ओल्या हवेत लाकूड फुगलेलं होतं, त्याच मापात मी ते कांबींना जखडलं. कोरड्या हवेत ते आकसायला लागलं, कांबींनी आकसू दिलं नाही, आणि ते फाटलं. तो आवाज अजून आठवतो.

लाकूड रेषेच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणजे फळी जितकी रुंद तितकी एकूण हालचाल जास्त. जम्बो आणि ड्रेडनॉट पावसाळ्यात जास्त फुगतात, ब्रिजमागचं पोट वर येतं, तारा फ्रेटपासून उंच होतात आणि दाबायला जड जातात. डबल-ओ किंवा युकुलेलीत तोच प्रकार होतो, पण कमी. तुमचं घर खाडीला किंवा समुद्राला लागून असेल, कौलारू असेल, गिटारसाठी बंद कोरडी जागा नसेल, तर लहान बॉडीकडे एक पाऊल सरका. मला हे कारण आवाजाइतकंच मोठं वाटतं. मोठीच हवी असेल तर घट्ट बंद होणारी केस, आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक छोटा आर्द्रतामापक, हे धरूनच चाला. ४५ ते ५५ टक्के ही वाद्याच्या आवडीची हवा.

फळी क्वार्टर-सॉन असावी, म्हणजे टोकाकडून पाहिल्यावर वर्षांच्या रेषा उभ्या दिसाव्यात. अशी फळी आडव्या रेषांच्या फळीपेक्षा साधारण निम्मीच हलते. आणि खाऱ्या वाऱ्यात लोखंडी तारा गंजतात, नायलॉन गंजत नाही. किनाऱ्यावरच्या नवख्याला युकुलेली सोपी जाते त्याचं हेही एक कारण.

लाकडाचं थोडक्यात

वरच्या फळीला स्प्रूस किंवा सीडर लागतं आणि ते आपल्या रानात होत नाही, बाहेरून येतं. पाठ आणि बाजूंना मात्र आपला शिसव जगभर नावाजलेला आहे. फणसाचं लाकूड दक्षिणेत वीणेसाठी पिढ्यान् पिढ्या वापरतात, गिटारच्या पाठीलाही ते मला आवडतं. आंब्याच्या युकुलेली हवाईत मुद्दाम करतात. इथे परसातल्या पडलेल्या आंब्याची फळी, नीट सुकवलेली असेल तर, सबंध युकुलेलीला पुरते. नवख्यांना लाकडाची निवड फार मोठी वाटते. आकार चुकला तर उत्तम शिसवही ती चूक भरून काढत नाही.

सावंतवाडीसारखं रंगकाम गिटारवर हवं, अशी मागणी येते. पाठीवर करा, मानेच्या टोकाला किल्ल्या असतात त्या डोक्यावर करा. वरच्या फळीवर जाड रंग चढवू नका, ती हलकी राहिली पाहिजे.

कधी जायचं, काय विचारायचं

घडवणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: वरची फळी आणि कांबी कोणत्या हवेत चिकटवता? आर्द्रता मोजून, सुक्या खोलीत, असं उत्तर आलं तर पुढे बोला. कोकणात हिवाळ्यातसुद्धा किनाऱ्याची हवा देशावरच्यासारखी कोरडी होत नाही, म्हणून "आम्ही थंडीत करतो" एवढं पुरेसं नाही. मान बोल्टनं बसवता का, हेही विचारा. फळी फुगून तारा उंच झाल्या तर बोल्टची मान काढून कोन सुधारणं सोपं जातं.

सांगायला दिवाळीच्या सुमारास जा. म्हणजे चिकटवायचं नाजूक काम जानेवारी-फेब्रुवारीत होतं आणि वाद्याला पहिल्या पावसाआधी दोन-तीन महिने तारांच्या ताणाखाली बसायला मिळतात. जाताना वही न्या आणि पुठ्ठ्याचं खोकं न्या, मोडलेलं असलं तरी. हात टेकतो तिथे मारलेली ती पेन्सिलीची रेघ दाखवा. मी त्याच रेघेवर कड उतरती करतो, म्हणजे कोपराला ती टोचत नाही.